वजन, उंची आणि मांडीचं हाड

भारोत्तोलक म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे धिप्पाड, पहाडासारखा माणूस उभा राहतो. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये तर वजनगटच नव्हते. दांडगा असो वा किरकोळ, सगळ्यांची एकच स्पर्धा. १९२० साली अँटवर्पला पाच वजनगट झाले आणि लहान चणीच्या माणसालाही आपली ताकद सिद्ध करण्याची संधी मिळाली.

ही ताकद केवळ दंडात नसते. बार डोक्यावर न्यायचा, तर ठेंगण्या माणसाला अंतर कमी पडतं. मांडी लांब असेल, तर खाली बसताना कंबर मागे जाते, पाठ पुढे झुकते आणि भार कमरेपासून दूर पडतो. भरलेली बादली अंगालगत धरली तर सहज उचलते. हात लांब करून धरली, की खांदा भरून येतो. तोच हा न्याय.

नईम सुलेमानोग्लूची उंची होती अवघी १४७ सेंटीमीटर. बल्गेरियातल्या तुर्की अल्पसंख्याकांतला हा मुलगा. तिथल्या सरकारनं त्याचं नावही बदलायला लावलं. १९८६ साली मेलबर्नच्या स्पर्धेनंतर त्यानं तुर्कस्तानचा आश्रय घेतला. १९८८ साली सोलला ६० किलो गटात त्यानं स्नॅचमध्ये १५२.५ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १९० किलो उचलले. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक! पुढे १९९२ आणि १९९६ मध्येही सुवर्णपदक त्याचंच.

मग लांब हातपाय म्हणजे दोषच का? तसं नाही. पॉवरलिफ्टिंगमधल्या डेडलिफ्टमध्ये बार फक्त ताठ उभं राहीपर्यंत उचलायचा असतो. हात लांब असले, की तो कमी उचलावा लागतो. अमेरिकेच्या लमार गँटच्या पाठीच्या कण्याला बाक होता. त्यामुळे धड आखूड, हात मात्र लांब. १९८५ साली त्यानं डेडलिफ्टमध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट भार उचलला. लोकांना जे व्यंग वाटावं, तेच इथं कामी आलं.

आणि उंच माणसानं हे मैदान सोडावं, असंही नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जॉर्जियाच्या १९७ सेंटीमीटर उंचीच्या लाशा तालाखाद्झेनं एकूण ४८८ किलो उचलून सुवर्ण जिंकलं. सर्वांत वरच्या गटात वजनाला मर्यादा नसते. तिथं उंच सांगाड्यावर भरपूर स्नायू चढवता येतात. त्याच स्पर्धेत ४९ किलो गटात आपल्या मीराबाई चानूनं २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं.

हाडांची लांबी व्यायामानं बदलत नाही. बदलता येतं ते तंत्र, पायांमधलं अंतर, बारवरची पकड आणि वजनगट. तेव्हा व्यायामशाळेच्या दारात आलेल्या मुलाला किंवा मुलीला नुसतं उंचीकडे पाहून परत पाठवू नये. कोणत्या प्रकारात त्या शरीराचं चीज होईल, हे बघणं प्रशिक्षकाचं काम आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)