व्हायनिल साइडिंग : पत्र्याच्या भिंतीवरचे नवे आवरण

घराच्या बाहेरच्या भिंतीवर ऊन-पाऊस झेलण्यासाठी जे आवरण चढवतात, त्याला अमेरिकेत साइडिंग म्हणतात. लाकडी फळ्या, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेले व्हायनिल, म्हणजे पीव्हीसी, हे त्याचे ठळक प्रकार. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिकडच्या नव्या स्वतंत्र घरांवर बरीच वर्षे व्हायनिलच सर्वांत जास्त दिसत आले. न्यू जर्सीत मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आजी-आजोबांच्या फोटोंत मागे जी फिकट, आडव्या फळ्यांची भिंत असते, ती पुष्कळदा लाकडाची नसतेच. बोटाने वाजवली की डब्यासारखी पोकळ वाजते.

प्रस्तुत नोंद ‘मोबाइल होम’पुरती आहे. हे घर पोलादी चासीवर कारखान्यात बांधतात, चाकांवरून ओढत नेतात आणि एकदा जागेवर बसले की ते सहसा हलत नाही. नावातला ‘मोबाइल’ प्रवासापुरताच. १५ जून १९७६ रोजी अमेरिकी सरकारची बांधणीची नियमावली लागू झाली. त्याआधीच्या बहुतेक घरांची भिंत म्हणजे बारीक लाकडी उभे, मधल्या पोकळीत काचलोकर आणि बाहेरून पातळ पत्रा. काही वर्षांनी पत्रा दबतो, रंग उडतो, सांधे गळू लागतात. तो काढावा, तर आत पुष्कळदा फळीच नसते आणि काचलोकर उघडी पडते. काही घरांत भिंत ताठ धरण्याचे कामही हाच पत्रा करत असतो. म्हणून त्याला हात न लावता वरून व्हायनिल चढवण्याची रीत पडली.

काम दिसते सोपे. पण पहिली मेख ही, की खिळा पत्र्यात धरत नाही. नवे आवरण आतल्या लाकडी उभ्यांवरच पेलले पाहिजे. हे उभे शोधायला यंत्र लागत नाही, पत्र्यावरच्या जुन्या स्क्रूंच्या रांगा ते दाखवून देतात. त्या रांगांवर, पत्रा भेदून थेट लाकडात, उभ्या लाकडी रिपा बसवतात. रिपांमुळे पत्र्याच्या पन्हळी झाकल्या जातात आणि भिंत ओळंब्यात येते. काही कारागीर पन्हळींवर आधी कडक फोमचे तक्ते लावतात; त्याने उष्णतेची गळती थोडी घटते.

मग पट्ट्या. पट्टी सुमारे साडेबारा फूट लांब आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड. हिवाळा ते उन्हाळा एवढ्या फरकात तिची लांबी जवळजवळ अर्ध्या इंचाने कमी-जास्त होते. म्हणून खिळ्यासाठी भोक नसते, आडवी खाच असते. खिळा खाचेच्या बरोबर मध्ये, दर सोळा इंचांवर, आणि मुख्य म्हणजे सैल ठोकायचा. खिळ्याचे डोके आणि पट्टी यांत पातळ नाण्याएवढी फट राहिली पाहिजे. पट्टीच्या टोकाशीही पाव इंच जागा सोडतात, कडाक्याच्या थंडीत काम केले तर थोडी जास्त. आपल्याकडच्या सुताराला हे पटायला जड जाईल, कारण खिळा घट्ट बसला नाही तर त्याच्या लेखी काम अर्धवट. पण इथे घट्ट ठोकलेली भिंत पहिल्याच उन्हाळ्यात लाटांसारखी फुगते. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे व्हायनिल मऊ पडते. शेजारच्या घराच्या काचेवरून परावर्तित झालेल्या उन्हाने भिंतीवर वितळल्याचे डाग पडल्याची उदाहरणेही आहेत.

खिडक्यांचे दुखणे वेगळे. मोबाइल होमच्या खिडकीची कड पत्र्याच्या वरून बसवलेली असते. रिपांनी भिंत पुढे आली की खिडकी खोलगट दिसू लागते आणि तिच्या कडेला पाणी साचते. चोख काम करणारा खिडकी काढतो, नव्या पातळीवर पुन्हा बसवतो आणि भोवती पन्हळीसारखी पट्टी फिरवतो. घाईत काम उरकणारा सीलंटची नळी पिळून मोकळा होतो.

व्हायनिल पाणी अडवते, पण पूर्ण नाही. वाऱ्याबरोबर शिरलेले पाणी मागून खाली उतरावे आणि पट्टीच्या खालच्या कडेतल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडावे, अशीच तिची रचना असते. तिच्यामागे जलरोधक कागद हवा. त्याआधी पत्र्याची जुनी गळती शोधून बुजवलेली हवी, कुजलेले उभे बदललेले हवेत. नाहीतर नवी कोरी भिंत बाहेरून देखणी राहते आणि आत लाकूड भुसभुशीत होत जाते.

भारतात ही पद्धत जवळजवळ नाही, पण आवरणामागे कोंडलेल्या पाण्याचा प्रश्न जुनाच आहे. कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचे बांधकाम १७५८ च्या सुमारास सुरू झाले आणि १७८१ मध्ये संपले. विटांचा हा अष्टकोनी किल्ला भिंतीच्या जाडीवर विसंबलेला आहे, आवरणावर नव्हे. त्या काळच्या कोलकात्यात विटा चुना-सुरखीत बसवत. असा चुना ओल शोषतो आणि ऊन पडले की सोडतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापला, की ओल आत अडकते आणि क्षार फुलून येतात. मराठीत त्याला लोणा लागणे म्हणतात, बंगालीत नोना धरणे.

 

कोकणात भिंतीवर भिंत चढवण्याची आपली एक तऱ्हा आहे. मृगाआधी माडाच्या चुडतांची झापं विणून पश्चिमेच्या, पाऊस झोडपणाऱ्या बाजूला बांधतात. झाप आणि मातीची भिंत यांत वारा खेळतो. हल्ली त्या जागी ताडपत्री किंवा पन्हळी पत्राही दिसतो. पाऊस सरला की झापं उतरतात आणि भिंतीला ऊन लागते. व्हायनिल एकदा चढले की उतरत नाही. त्यामुळे खालची छिद्रे अधूनमधून तपासावी लागतात. कुंभारमाशीच्या मातीने किंवा हौसेने मारलेल्या रंगाच्या हाताने ती बुजलेली सापडतात.