शब्दवेध : नाइस

चहापासून जावयापर्यंत आपण कशालाही 'नाइस' म्हणून मोकळे होतो. पण हा शब्द निघाला लॅटिनमधल्या 'नेस्कियुस'पासून, आणि त्याचा अर्थ अजाण, अडाणी. 'ने' म्हणजे न, 'स्कीरे' म्हणजे जाणणे. 'सायन्स'ही याच 'स्कीरे'चं अपत्य! जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा एखाद्याला 'नाइस' म्हणणं म्हणजे चक्क मूर्ख ठरवणं होतं. पुढे बुजरा, नाजूक, चोखंदळ, काटेकोर असे अर्थ त्याला चिकटत गेले. छान, सुखद हे अर्थ रुळले अठराव्या शतकात. आणि मग त्याला धरबंधच उरला नाही. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर अ‍ॅबी'त (१८१७) हेन्री टिल्नी या सरसकट वापराची यथेच्छ खिल्ली उडवतो. मला ती रास्त वाटते. नेमकेपणा सांगणाऱ्या शब्दानेच नेमकेपणा गमावला, याची हळहळ वाटते.

काटेकोरपणाचा अर्थ मात्र अजून जिवंत आहे. अनुवादकांनो, कायद्याच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात 'नाइस डिस्टिंक्शन' भेटलं, तर 'छान फरक' लिहू नका. तिथे 'सूक्ष्म भेद'च हवा.