फाइट स्टिक : एका नियंत्रणपेटीचा आणि तिच्या दुरुस्तीचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिताना शोध कोणी लावला आणि कारखाना कोणी काढला, या दोन प्रश्नांवरच बहुधा सारा भर दिला जातो. ते यंत्र लोकांच्या हाती गेल्यावर कसे बिघडले, कोणी उघडले आणि उघडणाऱ्याने त्यात कोणते फेरफार केले, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक यंत्राचे आयुष्य शोधकापेक्षा दुरुस्ती करणाऱ्याच्या सहवासातच अधिक जाते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार एका लहानशा उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे आर्केडमधील द्वंद्वखेळांसाठी वापरली जाणारी, एक दांडा व सहा-आठ बटणे असलेली नियंत्रणपेटी, अर्थात फाइट स्टिक.

आर्केडच्या पहिल्या पिढीत खेळाडू आणि यंत्र यांच्यामध्ये दुकानदार उभा असे. नाणे टाकणाऱ्याचा हात दांड्यापर्यंतच पोचे. दांड्याखालील भाग कुलुपात असे आणि त्याची किल्ली दुकानदाराकडे किंवा त्याने नेमलेल्या मेकॅनिककडे राही. त्या काळातील कित्येक दांड्यांखाली धातूच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर टेकून विद्युतमंडल पूर्ण करीत. या पट्ट्या मळत अथवा वाकत, आणि त्या घासून, पुन्हा वाकवून ठिकाणावर आणणे हे मेकॅनिकच्या नित्यकर्मांपैकी एक होते. पुढे त्यांची जागा बंदिस्त मायक्रोस्विचने घेतली.

द्वंद्वखेळांनी या व्यवस्थेवर नवा ताण आणला. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९८७ मधील ‘स्ट्रीट फायटर’च्या एका आवृत्तीत बटणांऐवजी दाबाचा जोर ओळखणाऱ्या गाद्या बसविल्या होत्या, जितका जोरात प्रहार, तितका पडद्यावरील ठोसा मोठा. ही कल्पना आकर्षक असली तरी हातांना आणि यंत्रालाही सोसणारी नव्हती. तिच्या जागी तीन ठोशांची व तीन लाथांची अशी सहा बटणांची मांडणी रूढ झाली आणि १९९१ मधील ‘स्ट्रीट फायटर २’ने ती जगभर नेली. येथे एक तांत्रिक अडचण ध्यानात घेण्याजोगी आहे. १९८५ मध्ये जपानमधील उत्पादकांच्या संघटनेने ‘जामा’ नावाची समान जोडणीपद्धती ठरविली होती. तिच्या ५६ टोकांच्या जोडणीत प्रत्येक खेळाडूसाठी तीनच बटणांची सोय होती. त्यामुळे लाथांच्या तीन बटणांसाठी तारांचा वेगळा जुडगा ओढावा लागे. म्हणजेच, ज्या खेळाने या पेटीचे रूप निश्चित केले, तो खेळच मुळात प्रमाणित जोडणीत मावणारा नव्हता. फेरफार हा या पेटीच्या जन्मापासूनच तिचा धर्म आहे.

देशोदेशी या पेटीच्या निरनिराळ्या परंपरा निर्माण झाल्या. अमेरिकेत हॅप कंपनीचा उभट, गदेच्या आकाराचा दांडा व खोल दाबली जाणारी बटणे प्रचारात होती. जपानमध्ये सानवा व सेमित्सू या कंपन्यांचे गोल मुठीचे दांडे आणि हलक्या स्पर्शाने लागणारी, ३० मिलिमीटर व्यासाची बटणे रूढ झाली. जपानी दांड्याची हालचाल खालच्या बाजूस बसविलेल्या एका चौकटीने मर्यादित होते. चौरस चौकटीत चारही कोपऱ्यांमुळे तिरप्या दिशा हाताला सापडतात. अष्टकोनी चौकटीत आठही दिशांना खाचा लागतात. वर्तुळाकार चौकटीत हात कोठेही न अडखळता फिरतो. दक्षिण कोरियात दांडा मध्यावर परत आणण्याचे काम स्प्रिंगऐवजी रबराच्या जाड कड्याकडे सोपविण्यात आले. ‘टेक्केन’ या खेळात वारंवार झटकन मागे सरण्याच्या हालचालीस हा दांडा अनुकूल ठरला. कोणती परंपरा श्रेष्ठ, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. सतारीच्या जवारीविषयी जसे वादकावादकांत मतभेद असतात, तसेच हे आहे. ज्याचा जो हात, त्याची ती लावणी.

खेळाडूच्या हाती किल्ली येण्याचा प्रसंग मात्र आर्केडच्या उतरत्या काळात आला. अमेरिकेतील ‘इव्हो’ या स्पर्धेचा आरंभ १९९६ मध्ये आर्केड यंत्रांवर झाला होता. २००४ मध्ये ती सर्वस्वी घरगुती यंत्रांवर खेळविण्यात आली. या एका निर्णयाने नियंत्रणपेटी दुकानाची मालमत्ता न राहता प्रत्येक खेळाडूने काखोटीला मारून आणावयाची वस्तू झाली. २००९ मध्ये मॅड कॅट्झ कंपनीने ‘स्ट्रीट फायटर ४’च्या निमित्ताने सानवाचा दांडा व बटणे बसविलेली पेटी बाजारात आणली. तिच्या स्वस्त आवृत्तीतील भाग हलके होते, परंतु ते काढून सानवाचे भाग बसविता येत. ही कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली; पेटी उघडण्याची सवय मात्र मागे राहिली.

या सवयीतून दोषशोधनाची एक शिस्तबद्ध रीत तयार झाली, आणि तीच या इतिहासाचा खरा गाभा होय. पेटीतील प्रत्येक बटणास दोन तारा असतात : एक त्याची स्वतःची, तर दुसरी सर्वांस सामाईक असलेली, एका बटणावरून दुसऱ्यावर साखळीसारखी गेलेली ग्राउंडची तार. एकच बटण मुके झाले असेल तर दोष त्याच्या तारेत, टोकाच्या क्लिपमध्ये अथवा स्विचमध्ये असतो. ओळीने अनेक बटणे बंद पडली, तर साखळी त्यांतील पहिल्यापाशी तुटलेली असते. सर्वच निर्जीव झाले, तर दोष मुख्य केबल अथवा सर्किट बोर्डाच्या बाजूस शोधावा. बटणाची दोन टोके तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडावीत. पडद्यावर हालचाल झाली तर बोर्ड व तारा निर्दोष असून स्विच बदलावयास हवा. दांड्याच्या बाबतीत नवशिक्याची एक चूक ठरलेली असते. दांडा मधल्या बिंदूवर डोलत असल्याने मूठ वर ढकलली की त्याचे बूड खाली जाते व खालच्या बाजूचा स्विच दाबला जातो. हे न उमगल्यामुळे ‘वर’ जात नाही म्हणून वरचाच स्विच तपासला जातो. लक्षणांच्या मांडणीवरून कारणाकडे जाण्याची ही पद्धत कोणत्याही विद्यापीठात शिकविली गेली नाही. ती एकमेकांना सांगत, शिकवीत वाढली.

उत्पादकांना हे स्वातंत्र्य नेहमीच मानवले असे नाही. नव्या घरगुती यंत्रांनी परवानाप्राप्त नियंत्रकाची ओळख पटविणाऱ्या चिप वापरण्यास सुरुवात केली. २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ वर अशी ओळख न पटलेली पेटी आठ मिनिटांनी बंद पडे. यावर खेळाडूंनी काढलेला तोडगा असा की, परवानाप्राप्त साधा नियंत्रक विकत घ्यावा, त्याच्या बोर्डावर तारा सोल्डर कराव्यात आणि तोच बोर्ड पेटीत बसवावा. २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको हा चार डॉलरचा बोर्ड आल्यावर खुल्या आज्ञावलीच्या साहाय्याने पेटीचा मेंदूही घरी घडविणे शक्य झाले. याच सुमारास दांडा सर्वस्वी काढून दिशांसाठीही बटणे बसविण्याची रीत बळावली. दांडा एका वेळी डावीकडे व उजवीकडे नेता येत नाही. बटणे मात्र एकदम दाबता येतात. त्यामुळे जो नियम पूर्वी यंत्ररचनेतच निहित होता, तो स्पर्धांच्या नियमावलीत शब्दांनी लिहावा लागला.

अखेरीस संशोधकांपुढे एक प्रश्न ठेवणे उचित वाटते. जुन्या पेट्या आता संग्राह्य वस्तू होऊ लागल्या आहेत, आणि त्या ‘मूळ स्थितीत’ आणण्याच्या उत्साहात नंतर घातलेल्या तारा, वाढवलेली छिद्रे व हाताने लावलेले सोल्डर काढून टाकले जाते. पोथीच्या समासातील टिपा नकलकाराच्या मजकुराइतक्या स्वच्छ नसतात, म्हणून आपण त्या खरवडून टाकीत नाही. पोथी कोणी, कोठे व कशी वाचली, हे त्या टिपाच सांगतात. फाइट स्टिकच्या पोटातील ओबडधोबड जोडण्यांचे मोल याहून निराळे नाही. कारखान्यातून निघालेल्या पेटीचा आराखडा कंपनीच्या दप्तरात सापडू शकेल. खेळाडूने तिचे काय केले याचा पुरावा मात्र त्या पेटीखेरीज अन्यत्र मिळणार नाही. म्हणून संग्रहालयांनी पेटीची दुरुस्ती करण्यापूर्वी ती उघडून तिच्या अंतरंगाची नोंद करावी, आणि शक्य तेथे ते अंतरंग आहे तसेच ठेवावे.