मौलाना आझाद : साप्ताहिकाचा वाचक आणि ग्रंथाचा वाचक

विचारवंताचा प्रभाव अभ्यासताना आपण बहुधा त्याचे विचारच पाहतो. ते कोणत्या साधनाने लोकांपर्यंत पोहोचले, याकडे दुर्लक्ष होते. मौलाना अबुल कलाम आझाद (१८८८-१९५८) यांच्या बाबतीत हे दुर्लक्ष परवडणारे नाही.

१३ जुलै १९१२ रोजी कलकत्त्याहून 'अल-हिलाल' साप्ताहिक निघाले. उर्दू पत्रे त्या काळी बहुतांशी कातिबाच्या हस्ताक्षरात, शिळाप्रेसवर छापली जात. आझादांनी टाईप स्वीकारला, चित्रेही दिली. नस्तालीकच्या वळणावर पोसलेल्या वाचकाला टाईप वाचायला लावणे हे धाडसच होते. भाषाही अरबी-फारसीने जड. तरी दोन वर्षांत खप २६,००० वर गेल्याचे त्यांनी 'इंडिया विन्स फ्रीडम'मध्ये नमूद केले आहे. बाल्कन युद्धाने अस्वस्थ झालेल्या वाचकाला कुरआनच्या आधारे राजकारण सांगणारा आवाज हवाच होता. सरकारने आधी २,००० आणि मग १०,००० रुपयांचा जामीन मागितला. १९१४ अखेर पत्र बंद पडले. १९१६ मध्ये बंगालमधून हद्दपारी व रांचीत नजरकैद आली.

पुढचे आझाद निराळे आहेत. 'अल-हिलाल'ची हाक प्रामुख्याने मुसलमानांना होती. 'तर्जुमानुल कुरआन'च्या पहिल्या खंडात (१९३१) सूरह फातिहाचे भाष्य करताना ते ईश्वराच्या पालनकर्तेपणावर, रबूबियतवर, भर देतात. सर्व धर्मांचे मूळ एक, आचारविधी तेवढे वेगळे, असे मांडतात. अनेक उलेमांना हे रुचले नाही. माझ्या मते त्यांचे परिपक्व चिंतन हेच. परंतु ग्रंथ दर आठवड्याला दारी येत नाही. १९२७ मध्ये पुन्हा सुरू केलेले 'अल-हिलाल' काही महिनेच चालले, आणि दुसरा खंड यायला १९३६ उजाडले. मधल्या काळात तो जुना वाचक इतर आवाज ऐकू लागला होता. १९४५-४६ च्या निवडणुकीत, मताधिकार मर्यादित होता हे खरे, केंद्रीय विधिमंडळातील मुस्लिम राखीव सर्व ३० जागा मुस्लिम लीगने जिंकल्या. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा आझादच होते!

त्याआधी, ऑगस्ट १९४२ पासून, ते अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) किल्ल्यात बंदिवान होते. तेथे हबीबुर्रहमान खान शेरवानींना उद्देशून लिहिलेली, पण धाडता न आलेली पत्रे 'गुबारे खातिर' म्हणून १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत चहा आहे, कोठडीतल्या चिमण्या आहेत, संगीत आहे, पत्नीच्या निधनाचे दुःख आहे. उर्दूच्या वर्गांत आज हेच पुस्तक शिकवले जाते. 'अल-हिलाल'चे अंक संशोधक तेवढे चाळतात.