जुन्या फोर बाय फोर पिकअपचा गिअरबॉक्स बदलताय? आधी हे तपासा

पिकअपचा गिअर पडेना झाला की गिअरबॉक्स गेला, असंच वाटतं. पण दोष क्लचचाही असू शकतो. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडकतात, तर आधी क्लच बघा. एकच गिअर खरखरत असेल किंवा चालत्या गाडीत निसटत असेल, तर दोष बहुधा गिअरबॉक्समध्ये. काढलेल्या ऑइलमध्ये धातूचे तुकडे दिसले तर बॉक्स उघडावाच लागेल.

जुना बॉक्स घेताना : टू-व्हील गाडीचा बॉक्स सारखा दिसला तरी सहसा चालत नाही. फोर बाय फोरमध्ये मागे ट्रान्सफर केस जोडलेली असते. मॉडेल, इंजिन आणि शाफ्टचे दाते जुळवा. शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर टाकून बघा.

काम करताना : बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पुढच्या-मागच्या प्रोपेलर शाफ्टला खुणा करूनच ते सोडवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, मजबूत स्टँड लावा. जड बॉक्स क्लच प्लेटवर लोंबकळू देऊ नका, प्लेट वाकते.

तेव्हाच बदला : क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग झिजलं असेल तर लगेच बदला. नाहीतर मजुरी दुसऱ्यांदा पडेल. कंपनीच्या पुस्तकात दिलेलं ऑइल भरल्याशिवाय गाडी हलवू नका. ट्रान्सफर केसचं ऑइलही बघा.

जुन्या पिकअपमध्ये फोर-व्हील चिखल-वाळूपुरतंच टाका. कोरड्या डांबरी रस्त्यावर त्याने ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर ताण येतो.