एर्नेटची पहिली वर्षे

देशातल्या शिक्षणसंस्थांना संगणकांनी जोडणारे एर्नेट हे जाळे केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने उभारायला घेतले. त्यात आठ भागीदार होते: मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर, मद्रास इथल्या आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, खुद्द तो विभाग आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून फुटून निघालेले हे केंद्र तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. त्याचे प्रमुख होते एस. रमणी.

१९८६-८७ मध्ये पवईची आयआयटी आणि जुहू यांच्यात ईमेल सुरू झाला तो साध्या टेलिफोनवर, मोडेमने डायल करून. फोन लागणे हेच जिथे नशीब, तिथे यंत्रे सतत जोडलेली ठेवायचा प्रश्नच नव्हता. म्हणून युनिक्सबरोबर येणारी यूयूसीपी ही पद्धत सोयीची पडली. पत्रे आपल्याच यंत्रावर साठत, लाइन लागली की पुढच्या यंत्रावर जात आणि तिथे पुन्हा थांबत. चरोद्याच्या भिलाई मार्शलिंग यार्डात वाघिणी दिशेनुसार जुळवून पुढे धाडतात, तसाच हा प्रकार. मात्र इथे वाट ठरवायचे काम पाठवणाऱ्यावरच पडे. मधल्या प्रत्येक यंत्राचे नाव पत्त्यात क्रमाने, उद्गारचिन्हाने तोडून लिहायचे. ‘यूयूनेट!शक्ती!’ अशी सुरुवात असली की पत्र अमेरिकेतल्या यूयूनेटवरून जुहूच्या ‘शक्ती’ यंत्रावर येई. एक नाव चुकले की पत्र अडकलेच.

१९८९ साली जुहू ते व्हर्जिनियातले यूयूनेट अशी कायम जोडलेली, भाड्याची (लीज्ड) लाइन मिळाली. वेग सेकंदाला ९६०० बिट. आजचा एक मेगाबाइटचा फोटो तिच्यावरून यायला पंधराएक मिनिटे लागली असती. सदस्य संस्थांचे परदेशी टपाल जुहूमार्गे जाऊ लागले आणि त्यांच्या जोडण्या सांभाळणेही ओघाने तिथल्या लोकांकडे आले.

यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलायचे, हा प्रश्न वेगळाच होता. एर्नेटने टीसीपी/आयपी आणि ओएसआय या दोन्ही नियमसंचांची तयारी ठेवली होती. पण टीसीपी/आयपीचे दस्तऐवज कोणालाही फुकट मिळत, त्याचे प्रोग्राम बर्कली युनिक्सबरोबर तयार येत. ओएसआयची मानके मात्र विकत घ्यावी लागत. ओएसआयला असलेल्या समित्यांच्या मान्यतेपुढे हाताशी असलेला, चालता प्रोग्राम भारी ठरला. १९९५ पर्यंत जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर आली होती.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. १९८९ मध्ये भारताच्या वाट्याला आलेल्या ‘डॉट इन’ची नोंदणी तेव्हाही एनसीएसटीच पाहत होते. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि २००५ पासून ती नोंदणी निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया) या संस्थेकडे गेली.