वृद्धपोषणाचा भार आणि राहते घर

चाकूरच्या दक्षिणेस असलेल्या कल्याणी या चालुक्यांच्या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ रचिली. तीनुसार वडिलार्जित वास्तूत पुत्रास जन्मतः हक्क प्राप्त होतो. मातापित्यांचे पोषण मात्र त्याचे व्यक्तिगत कर्तव्य होय. हाती मिळकत असो वा नसो, ते चुकत नाही. म्हणजेच पोषणाचा भार मुख्यतः कर्त्याच्या कमाईवर पडे.

१९५६ च्या दत्तक व पोषण कायद्याने हे कर्तव्य कन्येवरही सोपविले. परंतु स्वतःच्या उत्पन्नातून वा मिळकतीतून निर्वाह न चालणाऱ्या मातापित्यांपुरतेच. २००७ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकिले. सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, वृद्धास परत मागता येऊ लागली. अशी अट सिद्ध झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. २०२५ मध्ये मात्र कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा, असा निर्णय दिला.

नोव्हेंबर २०२० मध्ये लातूर जिल्हा परिषदेने मातापित्यांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचे ३० टक्के वेतन कापून ते मातापित्यांस देण्याचा ठराव केला. येथे भार घरावरून पुन्हा कमाईवर आला, हे लक्षणीय होय. तथापि चाकूरच्या शेतकऱ्याच्या वा मजुराच्या मुलास असे वेतन कोठले? त्या घरातील वृद्धास दानपत्रात लिहून घेतलेली सांभाळाची अट हाच भक्कम आधार उरतो.